पहिला ईसीजी दुपारी एक वाजता

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना २४ सप्टेंबर १९५५ ला मध्यरात्रीनंतर, डेन्व्हरमध्ये सासुरवाडीच्या घरी, हृदयविकाराचा झटका आला. वय ६४. पासष्टीला जेमतेम तीन आठवडे उरले होते. जगातला सर्वांत सुरक्षित माणूस, स्वतःचा डॉक्टर हाताशी, लष्कराचं मोठं रुग्णालय त्याच शहरालगत. तरीही पहिला ईसीजी निघायला जवळपास अकरा तास लागले.

या अकरा तासांत हृदयाच्या स्नायूचं काय होत जातं, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्याच रात्री डॉक्टरांनी रुग्णाच्या दंडाला रक्तदाबाचा जो पट्टा गुंडाळला, त्याच साध्या पट्ट्याने हृदय आणि मेंदू वाचवता येतील का, हा प्रश्न गेली काही दशकं संशोधक तपासत आहेत. म्हणून ही रात्र तासातासाने पाहण्यासारखी आहे.

शुक्रवार, २३ सप्टेंबर, पहाटे ५. ईसीजीला ३२ तास

कोलोरॅडोच्या डोंगरात फ्रेझर या गावी आयझेनहॉवर मित्रांबरोबर मासेमारीच्या सुट्टीवर होते. पहाटे उठून त्यांनी सगळ्यांसाठी स्वतः न्याहारी केली. स्वयंपाकाची त्यांना मनापासून आवड होती. मग मोटारीने डेन्व्हर गाठलं, लाउरी हवाई तळावरच्या कार्यालयात कागदपत्रं उरकली आणि गोल्फच्या मैदानाकडे निघाले.

तब्येतीची पार्श्वभूमी अशी: एकेकाळी दिवसाला चार पाकिटं सिगारेट. ती १९४९ मध्ये एका फटक्यात सोडली. रागीट स्वभाव. अंगाने सडपातळ, चालते-फिरते, खेळणारे. बघणाऱ्याला ‘यांना काय होणार’ असंच वाटावं.

दुपार. ईसीजीला सुमारे २३ तास

चेरी हिल्स क्लबवर त्यांचा खेळ सुरू होता. परराष्ट्रमंत्री डलेस यांच्या फोनसाठी त्यांना मैदानातून क्लबहाउसमध्ये बोलावलं गेलं, आणि तिथे गेल्यावर फोनच लागेना. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. राष्ट्राध्यक्ष संतापले. मधल्या वेळेत कच्च्या कांद्याच्या चकत्या घातलेला हॅम्बर्गर खाल्ला आणि पुन्हा खेळायला उतरले. दिवसभरात एकूण २७ होल झाले. शेवटी पोटात अस्वस्थ वाटू लागलं. दोष कांद्याला दिला गेला.

ती अस्वस्थता कांद्याची होती की हृदयाची, हे आता ठरवता येणार नाही. पण इथे थोडं थांबायला हवं, कारण हृदयाला आधीच्या दिवशी बसलेला छोटा धक्का ही आपल्या विषयाची सुरुवात आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. हृदयाची एक रक्तवाहिनी पाच मिनिटं दाबून धरायची, पाच मिनिटं मोकळी सोडायची, असं चार वेळा करायचं, आणि मग तीच वाहिनी सलग ४० मिनिटं बंद ठेवायची. हृदयाला त्रास वाढायला हवा होता. झालं उलटं. ज्यांना आधी हे छोटे धक्के दिले होते, त्यांच्या हृदयाचा मेलेला भाग इतरांच्या तुलनेत जेमतेम पावपट होता. थोडा वेळ रक्त तोडून पुन्हा दिलं की पेशी सावध होतात आणि मोठ्या संकटाच्या तयारीला लागतात.

पुढे १९९३ साली कॅरिन प्रिझक्लेंक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयाच्या एका भागाला असे धक्के दिले तर शेजारचा, धक्का न बसलेला भागही बचावतो. याचा अर्थ इशारा एका जागी अडकून राहत नाही, तो शरीरात फिरतो. मग तो हातापायातून का येऊ नये? दंडाला पट्टा गुंडाळायचा, हाताचं रक्त पाच मिनिटं थांबवायचं, पाच मिनिटं सोडायचं. सुई नाही, चीरफाड नाही, औषध नाही. २००२ मध्ये राजेश खरबंदा आणि सहकाऱ्यांनी माणसांवर आणि प्राण्यांवर हे करून पाहिलं आणि परिणाम दिसला. या पद्धतीला डॉक्टर ‘रिमोट इस्केमिक कंडिशनिंग’ म्हणतात.

इशारा जातो कसा? काही मज्जातंतूंतून, काही रक्तातून. पट्टा बांधलेल्या प्राण्याचं किंवा माणसाचं रक्तद्रव दुसऱ्या हृदयाला दिलं तर तेही थोडं बचावतं, हे प्रयोगात दिसलं आहे. त्या रक्तातला नेमका रेणू मात्र अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.

आणि वय? इथेच अडचण आहे. झटक्याच्या आदल्या दिवशी ज्यांच्या छातीत थोडं दुखून जातं, त्यांचं हृदय पुढच्या मोठ्या झटक्यात तुलनेने कमी खराब होतं. शरीरानेच केलेली ही पूर्वतयारी. पण इटलीतल्या पास्क्वाले अबेते आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की हा फायदा मध्यमवयीनांत दिसतो, वृद्धांत तो जवळपास नाहीसा होतो. ज्यांना संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्यांचंच हृदय इशारा ऐकेनासं होतं.

रात्री १०. ईसीजीला १५ तास

डेन्व्हरच्या लाफायेट स्ट्रीटवर पत्नी मेमी यांच्या माहेरी जेवण झालं आणि आयझेनहॉवर लवकर झोपले. नोंद करावी असं काही नाही.

मध्यरात्रीनंतर, दीड ते अडीचच्या दरम्यान. ईसीजीला साधारण ११ तास

छातीत दुखून जाग आली. नेमक्या वेळेबद्दल नोंदी जुळत नाहीत. मेमींना वाटलं, दुपारचंच पोट. त्यांनी मिल्क ऑफ मॅग्नेशिया दिलं.

आपल्याकडे तिथे जिरं-ओवा येतो, सोडा येतो, अँटासिडची बाटली येते. ‘पित्त झालंय, सकाळी बरं वाटेल.’ वयस्कर माणसात हा घोटाळा जास्त होतो, कारण साठी-सत्तरीनंतर झटका बऱ्याचदा छातीत कळ घेऊन येतच नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. मधुमेह असेल तर दुखणं आणखी दबून जातं. मेमींना दोष देण्यात अर्थ नाही. कांदा खाल्लेला त्यांनाही ठाऊक होता.

हृदयात मात्र घड्याळ सुरू झालेलं असतं. डावीकडची पुढची भिंत ज्या वाहिनीवर जगते, तिच्यात गुठळी बसली की स्नायू आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे मरत जातो. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयात हे मोजलं. वाहिनी ४० मिनिटं बंद राहिली तर भिंतीच्या जाडीचा सुमारे ३८ टक्के भाग मेलेला. तीन तासांनी ५७. सहा तासांनी ७१. माणसात आकडे थोडे वेगळे असतील, दिशा हीच.

पहाटे ३. ईसीजीला १० तास

मेजर जनरल हॉवर्ड स्नायडर पोहोचले. राष्ट्राध्यक्षांचे वैयक्तिक डॉक्टर, मूळचे शल्यचिकित्सक, वय ७४. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, छाती तपासली. अमाइल नायट्राइट हुंगायला दिलं, पापाव्हरिन दिलं, मॉर्फिन टोचलं. हेपारिन दिल्याचंही त्यांनी पुढे लिहून ठेवलं.

रक्तदाब घेतला म्हणजे दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, हाताचं रक्त क्षणभर थांबवलं आणि सोडलं. त्या रात्री ते फक्त आकडा घेण्यासाठी होतं.

पन्नासहून अधिक वर्षांनी डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हान्स एरिक बोटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पट्टा रुग्णवाहिकेत उपचार म्हणून वापरला. झटका आलेला रुग्ण रुग्णालयाच्या वाटेवर, वाहिनी अजून बंद. पट्टा २०० मिलिमीटर दाबापर्यंत फुगवून पाच मिनिटं तसाच धरायचा. हात पांढुरका पडतो, मुंग्या येतात, बोटं जड होतात. पाच मिनिटांनी हवा सोडली की हात लाल होऊन उबदार होतो. हे चार वेळा. एकूण ४० मिनिटं, बहुतेक वेळ प्रवासातच जातो, अँजिओप्लास्टीला उशीर होत नाही. ३३३ रुग्णांचा हा अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्यांच्या हृदयाचं पूर्ण मोजमाप झालं, त्यांच्यात धोक्यात आलेल्या स्नायूपैकी वाचलेला भाग पट्ट्याशिवाय साधारण ५५ टक्के, पट्ट्यासह ७५ टक्के.

हे आकडे वाचून हृदयरोगतज्ज्ञ हरखले, ते स्वाभाविक होतं. पट्टा प्रत्येक दवाखान्यात असतो. गडचिरोलीच्या आरोग्य उपकेंद्रातही असतो. अँजिओप्लास्टीची सोय, म्हणजे कॅथलॅब, नसलेल्या मुलखाला याहून स्वस्त उपचार कोणता?

पहाटे साडेचारच्या पुढे. ईसीजीला आठ तास

स्नायडर यांच्या नंतरच्या टिपणांप्रमाणे रुग्णाचं अंग गार पडलं, घाम आला, नाडी वेगाने चालू लागली. त्यांनी मेमींना सांगितलं, शेजारी झोपा, त्यांना ऊब द्या. आयझेनहॉवर शांत झाले आणि झोपले.

या तासांत रुग्णालयाला फोन गेला नाही. स्नायडर यांनी पुढे ठामपणे सांगितलं की आपल्याला निदान पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं, रुग्णाला विश्रांती मिळावी म्हणून गडबड टाळली. इतिहासकार क्लॅरन्स लॅस्बी यांनी १९९७ साली सगळी कागदपत्रं चाळून उलटा निष्कर्ष काढला: स्नायडर यांनी आधी पोटाचाच विकार मानला. मला लॅस्बींचं पटतं. ज्याला झटका ओळखू आला, तो डॉक्टर यंत्र मागवायला दुपारपर्यंत थांबत नाही.

एक गोष्ट स्नायडर यांच्या बाजूने सांगायला हवी. १९५५ मध्ये लवकर ईसीजी काढूनही वाहिनी उघडता आली नसती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नेहमीच्या वापरात नव्हतं, अँजिओप्लास्टी नव्हती, हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभागही १९६२ मध्ये आला. तेव्हाचे अकरा तास आज आहेत तितके महाग नव्हते. आज मात्र तोच उशीर हातातली संधी घालवतो.

आणि पट्ट्याचं गणित इथेच चुकायला लागतं. पट्टा गुठळी काढत नाही. बंद वाहिनीमागे उपाशी पडलेल्या पेशींना तो थोडा अधिक वेळ तग धरायला लावतो, आणि वाहिनी उघडल्यावर अचानक आलेल्या रक्ताच्या लोंढ्याने जी इजा होते, ती कमी करतो. वाहिनी उघडलीच नाही तर त्याने मिळवलेला वेळ वाया जातो.

सकाळ. ईसीजीला पाच तास

राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने पत्रकारांना सांगितलं: पोट बिघडलंय. राष्ट्राध्यक्ष झोपून होते. रायमर यांच्या मोजणीतला सहा तासांचा टप्पा इथे कुठेतरी ओलांडला गेला.

याच जागी पट्ट्याच्या पुढच्या चाचण्यांचा हिशेब मांडतो. छोट्या अभ्यासांतली आशा मोठ्या अभ्यासांत टिकली का?

हृदयशस्त्रक्रियेत नाही. २०१५ साली एकाच वेळी दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, ब्रिटनमधला ‘एरिका’, १६१२ रुग्णांचा, आणि जर्मनीतला ‘रिपहार्ट’, सुमारे १४०० रुग्णांचा. शस्त्रक्रियेआधी पट्टा लावल्याने रुग्णांच्या पुढच्या वाटचालीत फरक पडला नाही. भुलीसाठी वापरलं जाणारं प्रोपोफोल इशारा दाबून टाकतं, असा एक संशय तेव्हापासून आहे.

झटक्यातही नाही. २०१९ मध्ये ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बिया मिळून ५४०१ रुग्णांचा अभ्यास आला. वर्षभरात हृदयामुळे मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात भरती, हे पट्टा न लावलेल्यांत ८.६ टक्के, लावलेल्यांत ९.४ टक्के. फायदा शून्य. ऑर्हुसच्या आकड्यांवर घर बांधायला निघालेल्या सगळ्यांना हा निकाल पचवावा लागला.

असं का झालं असावं, याची माझ्या मते सर्वांत पटणारी कारणं दोन. प्रयोगशाळेतले प्राणी तरुण आणि निरोगी असतात. खाटेवरचा माणूस साठीचा, मधुमेही, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधं घेणारा असतो. आणि जिथे अँजिओप्लास्टी झटपट होते, तिथे पट्ट्याने वाचवावं असं फारसं उरतच नाही.

एक निकाल मात्र वृद्धांच्या बाजूने उभा आहे. पडून खुब्याचं हाड मोडलेल्या, सरासरी ७९ वर्षांच्या रुग्णांवर डेन्मार्कमध्ये झालेला २०१९ सालचा अभ्यास. शस्त्रक्रियेआधी पट्टा लावलेल्यांत हृदयाच्या स्नायूला इजा १५ टक्क्यांत आढळली, न लावलेल्यांत २८ टक्क्यांत. न्हाणीघरात पडलेल्या आजीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरतं, तेव्हा घरातले सगळे हाडाचा विचार करतात. खरा ताण तिच्या हृदयावर असतो. हा अभ्यास मोठा नाही. पण तो पुन्हा, मोठ्या संख्येने, आपल्या देशातही व्हायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

दुपारी सव्वाबारा. ईसीजीला एक तासाहून कमी

स्नायडर यांनी फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयाच्या प्रमुखांना फोन करून यंत्र मागवलं.

दुपारी १

कर्नल बायरन पोलॉक यांनी ईसीजी काढला. पट्टीवर स्पष्ट होतं: हृदयाच्या पुढच्या आणि बाजूच्या भिंतीचा मोठा झटका. राष्ट्राध्यक्षांना आधार देत मोटारीपर्यंत चालवत नेलं गेलं. आज अशा रुग्णाला पाऊलही टाकू देत नाहीत. अडीचच्या सुमारास जगाला कळलं. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार साडेसहा टक्क्यांनी कोसळला. आयझेनहॉवर रुग्णालयातून घरी गेले ११ नोव्हेंबरला.

दोन वर्षं दोन महिन्यांनी: २५ नोव्हेंबर १९५७

हृदयानंतर मेंदूची पाळी आली. मोरोक्कोचे राजे पाचवे मोहम्मद यांचं विमानतळावर स्वागत करून आयझेनहॉवर कार्यालयात परतले. टेबलावरच्या कागदातली अक्षरं पळू लागली. कागद उचलता येईना. सेक्रेटरी ॲन व्हिटमन यांना बोलावलं, पण तोंडातून निघणारे शब्द हवे ते नव्हते. डाव्या मेंदूकडे जाणाऱ्या एका छोट्या वाहिनीतला अडथळा. ते काही दिवसांत सावरले, डिसेंबरच्या मध्यावर पॅरिसच्या ‘नाटो’ परिषदेला गेले. शब्दांची अदलाबदल कधीमधी होत राहिली.

दंडाच्या पट्ट्याची खरी आशा आज मेंदूच्या बाजूने आहे, असं माझं मत आहे. चीनमध्ये यावर सर्वांत चिकाटीने काम झालं. बीजिंगच्या शुआनवू रुग्णालयाच्या गटाने तर ८० ते ९५ वयोगटातल्या, मेंदूतल्या वाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना दोन्ही दंडांना पट्टे लावून रोज हा उपचार दिला. अभ्यास छोटा होता, २०१५ साली आला. इतक्या वयातही तो सुरक्षित ठरला आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं. मग २०२२ मध्ये ‘रिकॅमिस’ हा अभ्यास आला. मध्यम तीव्रतेचा पक्षाघात होऊन ४८ तास उलटले नाहीत, असे सुमारे १८०० रुग्ण. दिवसातून दोनदा, दहा ते चौदा दिवस पट्टा. तीन महिन्यांनी स्वतःची कामं स्वतः करू शकणारे: पट्टा लावलेल्यांत ६७.४ टक्के, न लावलेल्यांत ६२. शंभरात पाच माणसं अधिक स्वतःच्या पायावर. ज्या घरात पक्षाघाताचा रुग्ण आहे, त्यांना ही पाच माणसं किती हे सांगावं लागत नाही.

पण त्याच वर्षी ‘रिका’ या ३००० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात वर्षभर रोज पट्टा लावूनही पुन्हा येणारा पक्षाघात ठोसपणे कमी झाला नाही. आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या रुग्णवाहिकांतला ‘रेझिस्ट’ अभ्यासही कोरा गेला. याचा मला दिसणारा अर्थ: काही रुग्णांत, काही दिवस सलग दिल्यावर फायदा होत असावा. कोणत्या रुग्णांत, हे ठरेपर्यंत हा नेहमीचा उपचार नाही.

म्हणून घरचं रक्तदाबाचं यंत्र काढून आजोबांच्या दंडाला वीस-वीस वेळा फुगवू नका. हातात गुठळी असेल, डायलिसिसचा फिस्टुला असेल, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजत असेल, तर तो धोकाही आहे. कोणी ‘हृदयरक्षक पट्टा’ म्हणून यंत्र विकायला आलं, तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. अशा अभ्यासात सहभागी व्हायला एखाद्या रुग्णालयाने बोलावलं, तर मात्र नीट समजून घ्या आणि शक्य असेल तर होकार द्या. वृद्धांवर अभ्यास झाले नाहीत तर वृद्धांसाठी उत्तरंही मिळणार नाहीत.

आणि दोन कामं आजच करा. छातीत, जबड्यात, खांद्यात दुखणं किंवा कारणाशिवाय दम आणि घाम काही मिनिटांत ओसरला नाही, तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन. सोडा, ओवा, सकाळची वाट, काही नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दुसरं, तुमच्या घराजवळ रात्री अडीच वाजता ईसीजी कुठे निघतो आणि सीटी स्कॅन कुठे होतो, हे फोन करून विचारा आणि तो नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवा.